कार्ब्युरेटरची निगा आणि घरी बनविण्याजोगी हत्यारे

गोव्यातील मोठ्या बसस्थानकांबाहेर आणि बाजारपेठांच्या नाक्यांवर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. त्यांच्या चालकांना जनता ‘पायलट’ या नावाने ओळखते. बस जेथे पोहोचत नाही तेथवर प्रवाशाला नेऊन सोडणारा हा परवानाधारक व्यावसायिक आपल्या वाहनावरच कुटुंबाचा चरितार्थ चालवितो. पहाटे घरोघर पाव पोहोचविणारा पोदेर, मासळी घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता, दूध संस्थेच्या केंद्रावर दूध घालणारा शेतकरी आणि दूरच्या वाड्यावरील शाळेत जाणारा शिक्षक यांचाही दिवस अशाच एखाद्या दुचाकीच्या भरवशावर सुरू होतो. ती सकाळी चालू झाली नाही, तर त्या दिवसाची मिळकत बुडते किंवा शाळेची घंटा चुकते.

या दुचाकींपैकी बऱ्याच अद्याप कार्ब्युरेटरवर चालतात. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत बहुतेक सर्वत्र कार्ब्युरेटरची जागा इंधन अंतःक्षेपणाने, म्हणजेच फ्युएल इंजेक्शनने घेतली. परंतु त्यापूर्वीच्या बुलेट, येझदी, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १००, १९९४ साली आलेली हीरो होंडा स्प्लेंडर आणि त्यांच्या पाठोपाठच्या अनेक गाड्या रस्त्यावर आहेत व आणखी कित्येक वर्षे राहतील. त्यांचे अस्सल सुटे भाग मात्र वर्षागणिक दुर्मीळ होत जाणार. म्हणून हाती असलेला कार्ब्युरेटर जपणे ही आता काटकसरीची तशीच दूरदृष्टीची बाब ठरते.

कार्ब्युरेटर वापराने झिजतो हे खरे. परंतु कित्येकदा तो दुरुस्त करतानाच बिघडतो. योग्य हत्यार जवळ नसते, म्हणून हाताला लागेल ते हत्यार वापरले जाते. दाभणाने जेट टोकरला जातो, बोथट पेचकसाने त्याची खाच उडते, पक्कडीने मऊ धातूचे अंग चेपते. वास्तविक या कामासाठी लागणारी बहुतेक हत्यारे घरातील टाकाऊ वस्तूंपासून बनविता येतात. ती कशी बनवावीत आणि कशी वापरावीत, याची माहिती येथे दिली आहे.

कार्ब्युरेटर कसे कार्य करतो

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत योग्य प्रमाणात मिसळली, तरच ठिणगीने पेट घेते. साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करणे हे कार्ब्युरेटरचे काम.

पूर्वी घरोघरी डास मारण्याच्या औषधाचा हातपंप असे. त्याचा दांडा दाबला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून वेगाने जाई आणि डब्यातील औषध वर ओढले जाऊन त्याचे तुषार उडत. कार्ब्युरेटरमध्ये हेच घडते. इंजिनातील दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो. ही हवा कार्ब्युरेटरच्या मधोमध असलेल्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी बात्तिस्ता व्हेंतुरी (१७४६–१८२२) यांच्या नावावरून या गळ्यास ‘व्हेंच्युरी’ म्हणतात. दाब घटल्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर येते आणि हवेच्या झोतात त्याचे तुषार होतात.

वाटीतील पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो. शौचालयाच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याप्रमाणे तो पेट्रोलबरोबर वर चढतो आणि ठराविक पातळीला सुईसारखी झडप बंद करतो. इंजिन मंद गतीने चालत असता पेट्रोल पायलट जेटमधून येते. मूठ अधिक पिळली की थ्रॉटलची स्लाइड व तिला जोडलेली निमुळती सुई वर उचलली जाते. आणि पूर्ण गतीस मुख्य जेटचे छिद्र पेट्रोलचे प्रमाण ठरविते. म्हणजे सकाळी चालू न होणाऱ्या किंवा सिग्नलपाशी बंद पडणाऱ्या गाडीचा दोष बहुधा पायलट जेटकडे शोधावा आणि चढावर दम सोडणाऱ्या गाडीचा मुख्य जेटकडे.

छिद्राचे मोल

लहान मोटारसायकलींच्या पायलट जेटचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. ते ०.४० मिलिमीटर आहे असे समजू. पोलादी दाभण किंवा तार घालून ते खरवडल्यामुळे ०.४४ मिलिमीटर झाले, तर फरक केवळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या चौपट, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्यांना तो दिसणार नाही. परंतु छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास एकदशांशाने वाढला की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. एवढ्याने मंद गतीचे मिश्रण बिघडते, धूर वाढतो, प्लग काळा पडतो, आणि मालकाला वाटते की गाडीच जुनी झाली.

जेट पितळेचा असतो आणि पोलाद पितळेहून कठीण. दोन धातू एकमेकांवर घासले की मऊ धातू हार खातो. यावरून या कामातील पहिला नियम निघतो : भागाला स्पर्श करणारे हत्यार त्या भागाहून मऊ असावे, म्हणजे झीज व्हायचीच तर ती हत्याराची होईल. जेथे पोलादी हत्याराला पर्याय नाही, तेथे ते भागाच्या खाचेत तंतोतंत बसणारे असावे. पुढील सर्व हत्यारे या दोन कसोट्यांवर बनविलेली आहेत.

१. जेट साफ करण्याची तार

विजेच्या जुन्या लवचीक वायरचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे आवरण सोलावे. आत तांब्याचे अनेक बारीक तंतू आढळतील. साध्या घरगुती वायरमध्ये असा एक तंतू बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. खात्री करावयाची असल्यास तंतू पेन्सिलीवर एकमेकांस चिकटून वीस वेढे होतील असा गुंडाळावा व वेढ्यांनी व्यापलेली लांबी पट्टीने मोजावी. ती ४ मिलिमीटर भरली, तर एका तंतूची जाडी ०.२ मिलिमीटर होय. सूक्ष्ममापक उपलब्ध नसता एवढे मोजमाप कामापुरते पुरते.

निवडलेला तंतू बांबूच्या बोटभर चिव्याच्या टोकाला चीर देऊन तीत अडकवावा व वर दोरा घट्ट गुंडाळावा. तंतूचे दीड सेंटिमीटर टोक बाहेर राहू द्यावे. मासेमारीचा बारीक तंगूस हाही उत्तम पर्याय आहे. तो नायलॉनचा असल्याने पितळेला मुळीच ओरखडा उठत नाही. त्याचे टोक तिरके कापले की छिद्रात सहज शिरते.

जेट नेहमी बाहेर काढूनच साफ करावा. प्रथम तो रॉकेलमध्ये किंवा कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवात भिजत ठेवावा, म्हणजे डिंकासारखा साका मऊ होतो. मग तार हलकेच आत-बाहेर करावी. ती अडल्यास जोर लावू नये, पुन्हा भिजवावे. शेवटी जेट उजेडापुढे धरून पाहावा. छिद्रातून प्रकाशाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला म्हणजे काम झाले. पोलादी दाभण, गिटारची तार, खराट्याच्या काडीतील तार व ड्रिल यांना येथे मुळीच थारा देऊ नये.

२. जेटचा पेचकस

बाजारातील सपाट पेचकसाचे पाते टोकाकडे पाचरीसारखे निमुळते होत जाते. ते खाचेच्या वरच्या कडेलाच टेकते आणि जोर लावला की उसळून बाहेर येते व खाचेची कड उडवते. पायलट जेट तर अरुंद विवरात खोल बसविलेला असतो. तेथे रुंद पाते शिरतच नाही आणि अरुंद पाते खाचेत डुगडुगते.

यासाठी एखादा जुना पण चांगल्या पोलादाचा पेचकस घ्यावा. पात्याच्या दोन्ही बाजू बारीक कानसीने घासून टोकाजवळचे सुमारे अर्धा सेंटिमीटर पाते सारख्या जाडीचे, समांतर करावे. जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी आणि रुंदी जेटच्या विवराहून किंचित कमी असावी. मधून मधून बाहेर काढलेल्या एखाद्या जुन्या जेटवर ते बसवून पाहावे. विजेच्या सहाणेवर घासावयाचे असल्यास टोक वारंवार पाण्यात बुडवावे. पोलादावर निळसर छटा उमटली, तर त्याचे पाणी उतरले असे समजावे. असे टोक मऊ पडते व पिळवटते.

जपानी बनावटीच्या अथवा जपानी आराखड्याच्या गाड्यांवरील फुलीच्या स्क्रूंबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांची खाच सर्वसाधारण फिलिप्स पेचकसाहून किंचित निराळी असते. फिलिप्सचे टोक तळाला टेकते, पण कडा पुरत्या बसत नाहीत आणि स्क्रूचे डोके खराब होते. अशा पेचकसाचे अगदी टोक कानसीने थोडे बोथट केले की तो खाचेत अधिक खोल बसतो. स्क्रू सोडविण्यापूर्वी पेचकस त्यावर उभा धरून मागून लाकडी ठोकळ्याने हलका ठोका द्यावा. गंजाची पकड सुटते.

३. हवेच्या झोताचा पंप

फुटबॉल हा गोव्याच्या गावागावांतील खेळ असल्याने चेंडूत हवा भरण्याची सुई बहुतेक वाड्यांवर सापडते. ही सुई सायकलच्या पंपाला किंवा पायाने दाबावयाच्या पंपाला जोडली की कार्ब्युरेटरमधील सूक्ष्म मार्ग फुंकण्याचे साधन तयार होते. सुईवर सायकलच्या वॉलट्यूबचा नखाएवढा तुकडा चढवावा. छिद्राच्या तोंडाशी तो दाबून धरला की हवा बाजूने निसटत नाही आणि धातूवर ओरखडाही येत नाही.

फुंकण्याआधी फ्लोट, त्याची सुई आणि असल्यास रबरी पडदा काढून ठेवावा, अन्यथा दाबाने त्यांना इजा होते. पेट्रोल ज्या दिशेने जाते त्याच्या उलट दिशेने हवा मारावी, म्हणजे अडकलेला कण आला त्याच वाटेने बाहेर पडतो. डोळ्यांवर चष्मा असावा. तोंडाने फुंकणे कटाक्षाने टाळावे. त्यामुळे पेट्रोल व साफसफाईचा द्रव तोंडात जाण्याचा धोका असतो आणि श्वासातील ओलावा आत जातो.

४. पातळी दाखविणारी पारदर्शक नळी

फ्लोटच्या वाटीतील पेट्रोलची पातळी हा अनेक दोषांचा उगम असतो. ती उंच असल्यास पेट्रोल वाहते व मिश्रण दाट होते. खाली असल्यास चढावर गाडी अडखळते. वाटी न उघडता ही पातळी पाहता येते. द्रव जोडलेल्या सर्व भांड्यांत समान पातळी राखतो, या शाळेत शिकलेल्या नियमावर ही युक्ती आधारलेली आहे.

पुष्कळ कार्ब्युरेटरांच्या वाटीच्या तळाशी पेट्रोल काढून टाकण्याचे तोंड असते. त्यावर घट्ट बसेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची वीतभर नळी चढवावी, तिचे मोकळे टोक वर वळवून वाटीच्या बाजूला उभे धरावे आणि मग तळाचा स्क्रू एक-दोन वेढे सैल करावा. नळीत चढलेली पातळी हीच वाटीतील पातळी. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी असावी. पातळी किती असावी हे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. ती वाढत जाऊन वाटीच्या सांध्याच्या वर चढू लागली, तर सुईची झडप गळते असा निष्कर्ष काढावा. पाहणी झाल्यावर स्क्रू आवळून मगच नळी खाली करावी.

५. फ्लोटच्या उंचीचे माप

फ्लोटची उंची पट्टीने मोजताना पट्टी हलते आणि नजर तिरपी पडते. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा जुन्या प्लॅस्टिक पट्टीचा तुकडा घेऊन त्यात एक चौकोनी खाच कापावी. खाचेची खोली पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी असावी. कडा काचकागदाने साफ कराव्यात व त्यावर गाडीचे नाव आणि माप कोरून ठेवावे. गॅस्केट काढून हे माप कार्ब्युरेटरच्या सांध्याच्या पृष्ठभागावर उभे केले की फ्लोटचे पृष्ठ खाचेला जेमतेम टेकावयास हवे.

मोजताना कार्ब्युरेटर तिरपा धरावा, म्हणजे फ्लोटची जीभ सुईच्या टोकावरील स्प्रिंगदार खिळीला केवळ स्पर्श करते, ती दाबत नाही. जीभ पितळी असल्यास ती अगदी थोडी वाकवून उंची साधता येते. प्लॅस्टिकच्या अखंड फ्लोटांत अशी सोय नसते. तेथे माप चुकत असल्यास सुई किंवा फ्लोट बदलणे हाच मार्ग होय.

६. मिश्रणाच्या स्क्रूची तबकडी

मंद गतीचे मिश्रण ठरविणारा स्क्रू सोडविण्यापूर्वी तो किती वेढे उघडा होता याची नोंद न करणे, ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. जाड पुठ्ठ्याची रुपयाहून मोठी तबकडी कापून तिचे आठ समान भाग आखावेत व मधोमध पेचकस जाईल असे भोक पाडावे. पेचकसाच्या दांड्यावर तारेचा एक काटा गुंडाळून बसवावा. स्क्रू हलक्या हाताने आत नेत वेढे मोजावेत. तो टेकल्याचे जाणवताच थांबावे. जोर लावल्यास त्याचे निमुळते टोक चेपते आणि मग कोणतीही जुळणी टिकत नाही. ‘दीड वेढा आणि एक अष्टमांश’ अशी नोंद वहीत करूनच स्क्रू बाहेर काढावा.

हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर तो बहुधा हवेचा असतो व आत नेल्याने मिश्रण दाट होते. तो इंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा मिश्रणाचा असतो व आत नेल्याने मिश्रण विरळ होते. हा भेद न कळल्यामुळे अनेकजण नेमके उलटे फिरवितात.

७. लाकडी घोडी आणि भागांची ताटली

कार्ब्युरेटरचे अंग जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मऊ मिश्रधातूचे असते. लोखंडी शेगड्यात ते पकडल्यास चेपते, सांध्याची बाजू वाकते आणि पुढे कायमची गळती लागते. फणसाच्या फळीच्या जाड तुकड्याला कार्ब्युरेटर उलटा बसेल असे खोलगट भोक पाडले आणि आत जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिकटविला की उत्तम घोडी तयार होते. सुट्या भागांसाठी पांढरी, काठाची ताटली वापरावी. पितळी जेट चुंबकाला चिकटत नाहीत. जमिनीवर पडलेला जेट शोधण्यात जाणारा वेळ ताटलीमुळे वाचतो. भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत डावीकडून उजवीकडे मांडावेत.

८. गळती हुडकणारे पाणी

कार्ब्युरेटर स्वच्छ असूनही इंजिन मंद गतीस स्थिर राहत नसेल, तर कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबरी जोडाला तडा गेल्याचा संशय घ्यावा. त्यातून आगंतुक हवा शिरते. काहीजण येथे ज्वालाग्राही द्रव फवारून परीक्षा करतात. गरम इंजिनावर हे अत्यंत धोक्याचे आहे. इस्त्रीसाठी वापरावयाच्या फवाऱ्यात साधे पाणी भरून, इंजिन मंद गतीने चालू असता, प्लग व विजेच्या जोडण्या टाळून सांध्यावर तुषार मारावेत. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला, तर गळती तेथेच आहे.

पावसाळा, पाणी आणि इथेनॉल

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू करताना त्रास देते, याचे एक कारण पेट्रोलमध्येच आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण टप्प्याटप्प्याने राबविण्यात आले. १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ साली गाठला गेला, २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या व वाटीच्या तळाशी बसतात. तेथे मिश्रधातूवर पांढरट भुकटी धरते आणि तीच जेटमध्ये अडकते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भागही यामुळे फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या जुळणीवर मिश्रण थोडे विरळ होते. म्हणून अशा गाडीची मंद गतीची जुळणी पुन्हा तपासणे इष्ट ठरते.

वाटीतील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढून पाच मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर किंवा थेंब दिसल्यास पाणी आहे असे समजावे. गाडी पंधरा दिवसांहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करावी. या एका सवयीने बहुतेक वेळा कार्ब्युरेटर उघडण्याची गरजच पडत नाही.

कामाचा क्रम आणि सुरक्षितता

जेट चोंदला आहे असे ठरविण्यापूर्वी प्लग, एअर फिल्टर, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि पेट्रोलची नळी तपासावी. साध्या कारणांचा निरास झाल्यावरच कार्ब्युरेटर उतरवावा. पुन्हा बसविल्यानंतर इंजिन गरम करून मिश्रणाचा स्क्रू अष्टमांश वेढ्याने फिरवीत जेथे इंजिन सर्वांत सुरळीत व जलद फिरते ती जागा शोधावी, मग मंद गती पूर्ववत करावी. शेवटी प्रदूषण तपासणी केंद्रावर जाऊन खात्री करून घ्यावी. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी मंद गतीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि त्यानंतर बनलेल्या जुन्या मानकांच्या दुचाकींसाठी ३.५ टक्के ठरविण्यात आली. हातांनी केलेल्या जुळणीची परीक्षा तेथील यंत्र निःपक्षपातीपणे करते.

पेट्रोल शून्याखालील ४० अंश तापमानासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. पलीकडच्या खोलीतील चूल किंवा देवापुढील समई तिला पुरेशी ठरते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत, दिवसाउजेडी, विडी-सिगारेट व ज्योत दूर ठेवून करावे. जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. पेट्रोल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलांनी ते पिण्याचा धोका असतो. सलाईनच्या बाटलीची टांगती टाकी करण्याची चालही सोडून द्यावी. तिची नळी पेट्रोलने कडक होऊन सांध्यातून निसटते आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडते. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणे तर जिवावर बेतू शकते. वापरलेले रॉकेल व पेट्रोल विहिरीजवळ, गटारात किंवा खाजनात ओतू नये. ते झाकणाच्या धातूच्या डब्यात साठवून गॅरेजकडे द्यावे.

शिक्षकांसाठी

या विषयात शालेय विज्ञानाचे अनेक पाठ दडलेले आहेत. पेट्रोलला हात न लावता ते पाण्यावर दाखविता येतात. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरून तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकले की पाणी वर चढून तुषार उडतात, हाच कार्ब्युरेटर. पारदर्शक नळीत पाणी भरून समान पातळीचा नियम दाखवावा. पेन्सिलीवर तार गुंडाळून सूक्ष्म जाडी मोजण्याचा प्रयोग आणि व्यास-क्षेत्रफळाचे गणित तर सातवी-आठवीच्या वर्गाला सहज झेपेल.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून निदेशकाच्या देखरेखीखाली आणखी एक प्रयोग करता येईल. १०० मिलिलिटरच्या मापनपात्रात १० मिलिलिटर पाणी व ९० मिलिलिटर पेट्रोल घालून, मोकळ्या हवेत, झाकण मधून मधून सैल करीत हलवावे व स्थिर ठेवावे. पेट्रोलमधील इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर १० वरून सुमारे २८ मिलिलिटरपर्यंत वाढला, तर पेट्रोलमध्ये अंदाजे २० टक्के इथेनॉल आहे असे विद्यार्थ्यांना स्वतःच ताडता येते.

मर्यादेचे भान

घरी बनविलेल्या हत्यारांनी सर्व काही साधत नाही. झिजलेली थ्रॉटल स्लाइड, फाटलेला रबरी पडदा, खरवडून मोठे झालेले छिद्र यांना भाग बदलण्यावाचून इलाज नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असते व त्याचे नियंत्रण विद्युत-उपकरणाकडे असते. तेथे ही हत्यारे उपयोगाची नाहीत, त्या गाड्या प्रशिक्षित कारागिराकडेच न्याव्यात. दुरुस्ती पुस्तिकेतील मापे हीच अखेरची प्रमाण मानावीत.

मात्र तांब्याचा एक तंतू, कानसीने घासलेला पेचकस, फुटबॉलची सुई, वीतभर पारदर्शक नळी, पत्र्याचे एक माप आणि नोंदवही एवढा संच एका जुन्या डब्यात मावतो आणि त्याला खर्च जवळजवळ येत नाही. एका वाड्यावरील चार-पाच वाहनधारकांनी मिळून असा एक डबा ठेवला आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडीचे नाव, स्क्रूचे वेढे व जेटचा क्रमांक वहीत लिहिला, तर काही महिन्यांतच त्या वाड्याजवळ स्वतःच्या गाड्यांविषयीची अशी माहिती जमेल, जी कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाही. पुढच्या पावसाळ्यात एखादी गाडी अडली, तर दाभण शोधण्याऐवजी प्रथम ती वही उघडली जावी.